मौलालीच्या मदतीला

शाहूपुरीत भरदुपारी दोघांनी मौलाली शिंप्याला दुकानातून ओढून काढलं आणि त्याच्यावर कोयत्यानं वार केले. धडाधड दुकानं बंद झाली. समोर भाजी विकणाऱ्या चिमणाबाईला फळीआडून कुणीतरी बजावलं, "मावशी, मधी पडू नगंस!"

"माणूस मरतंय की रं!" म्हणत ती धावली. मारेकरी पळाले. मौलालीचं डोकं मांडीवर घेऊन तिनं पदरानं जखम दाबून धरली, टांग्यासाठी हाका मारल्या. एकही दार उघडलं नाही. तिच्या मांडीवरच तो गेला.

संध्याकाळी त्याच्या बायकोनं, जरीनानं विचारलं, "मावशी, एवढ्या बाजारात त्यांच्या मदतीला कुणीच न्हाय आलं?"

चिमणाबाईनं तिचा हात हातात घेतला.

"समदी धावलीती, पोरी," ती खोटंच म्हणाली, आणि मग तिला रडू आवरेना.