टाकी भरलेली, डोकं रिकामं

पंख दुमडून उभा आहे म्हणून मला बिचारा समजू नका, मित्रांनो! मी विमानवाहू बोटीवरून उडणारं जुनं अमेरिकन लढाऊ विमान आहे. बोटीवर जागा कमी, म्हणून आम्हाला पंख मिटता येतात. उघडले की मग बघायचं!

कारखान्यातून निघालो तो थेट प्रशांत महासागरावर. माझा वैमानिक लेफ्टनंट व्हर्जिल ऑस्टबी. मिनेसोटाचा, मितभाषी, पण शत्रू दिसला की कुणाच्या बापाचं ऐकायचा नाही. त्याला पदकावर पदक मिळत गेलं आणि माझ्या अंगावर गोळ्यांची ठिगळं वाढत गेली. आम्ही दोघंही भाव खायचो, खोटं कशाला बोलू?

आमच्याकडे एक खोडी होती. चुकून दुसऱ्याच बोटीवर कोणी उतरला, की तिथले खलाशी त्याच्या विमानावर रंगाने टिंगल लिहायचे आणि तसंच परत धाडायचे. मग महिनाभर हसू! वैमानिक गोळीला भ्यायचे नाहीत, पण या रंगाला भ्यायचे.

एकदा लढाईहून परतताना आमच्या मागे उडणारा जोडीदार डेल रूकर याची टाकी फुटली. पेट्रोल गळत होतं. खाली आपल्याच आरमाराची दुसरी बोट होती, आमची अजून लांब.

"इथेच उतर, डेल," ऑस्टबी रेडिओवर म्हणाला.

"छे! पोरं जन्मभर चिडवतील. पोहोचतो की मी घरी."

तो पोहोचणार नव्हता. माझा जीव टांगणीला लागला. विशीतलं पोर ते, थट्टेच्या भीतीने बुडायला निघालेलं!

ऑस्टबीने माझं नाक खालच्या बोटीकडे वळवलं. मग म्हणाला, "बरं बाबा. पण माझंच पेट्रोल संपलंय. मी उतरतो."

धादांत खोटं! माझी टाकी निम्मी भरलेली होती. पण मागच्या जोडीदाराने पुढच्या विमानाला एकटं सोडायचं नाही, हा आमचा कायदा. आम्ही उतरलो आणि रूकर मुकाट्याने मागे आला. त्याच्या शेपटीचा आकडा बोटीवरच्या विमान थांबवणाऱ्या दोरात अडकला आणि त्याच क्षणी त्याचं इंजिन बंद पडलं.

पेट्रोल भरायला आलेला खलाशी माझ्या टाकीत डोकावून खदखदा हसला. "अरे, या पदकवाल्याला पेट्रोल नकोच आहे! हा घरच विसरलाय!" झालं, माझ्या कुशीवर मोठ्या अक्षरांत उमटलं: 'टाकी भरलेली, डोकं रिकामं!'

रूकरने ते वाचलं. त्याचा चेहरा पांढरा पडला. "लेफ्टनंट, तुम्ही..."

"गप बस, कॉफी पी," ऑस्टबी म्हणाला.

आता मी संग्रहालयात असतो. मला नवा रंग देणार आहेत म्हणे. द्या, आवडेल मला. गंज काढा, काचा पुसा, मुलांना पंखाला हात लावू द्या. फक्त कुशीवरची ती अक्षरं तेवढी राखा. ऑस्टबीला मिळालेल्या पदकांपैकी एकही त्या दिवसासाठी नाही, मित्रांनो. आणि त्याच दिवसामुळे डेल रूकर म्हातारा होऊ शकला.