ड्रॉवरमधला फोन

जुलैत सगळं फिनलंड सुट्टीवर असतं, तेव्हा कामाचा फोन कोण उचलतं? तुलिक्कीनंही तो ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये टाकला आणि तळ्याकाठच्या लाकडी घरी निघाली.

"अगं, ब्रुसेल्सहून युरोपीय संघानं अनुदानाबद्दल काही विचारलं तर?" त्यांच्या चिप कंपनीतला भागीदार इल्मारी म्हणाला.

"अर्ज घेऊन सहा महिने झोपलेत ते. आता बरे जागे होतील!"

तीन आठवड्यांनी तिनं फोन उघडला. ब्रुसेल्सचा ईमेल येऊन पडला होता: 'तुमच्या चिपचा कारखाना युरोपातच ठेवाल ना? दहा दिवसांत कळवा.' मुदत केव्हाच टळली होती.

अनुदान हुकलं, पैसे संपले आणि हिवाळ्यात कंपनी अमेरिकनांनी घेतली. यंत्रं टेक्सासला निघाली. इल्मारीनं तिला कधी बोल लावला नाही. फक्त शेवटच्या दिवशी तो ड्रॉवर रिकामा करताना हळूच म्हणाला, "उत्तर एका शब्दाचं होतं गं."