पाचवी कॉपी

"माह्याइथं तं साफ दिसून राह्यलं, सुवर्णा. तुहं कॉम्प्युटरच बिघडलं असंन."

फोनवर नागोराव सर होते आणि माझ्यासमोर त्यांनीच पाठवलेला दहावीचा पेपर उघडा होता. 'सामाजिक शास्त्र, मराठी माध्यम' असं जिथं असायला हवं तिथं टक्क्याचं चिन्ह, दोन कंस, डोक्यावर टोप्या घातलेली इंग्रजी अक्षरं आणि मधूनमधून रिकामे चौकोन. पाचही पानं तशीच. शेवटच्या पानावरचा नकाशा तेवढा धड होता.

मी आदिलाबाद जिल्ह्यातल्या एका मंडलाच्या, म्हणजे तालुक्याच्या, शिक्षण ऑफिसात कॉम्प्युटर ऑपरेटर आहे. बोर्डाच्या आधीच्या प्री-फायनल परीक्षेचे मराठी माध्यमाचे पेपर शिक्षक पीडीएफ करून माझ्याकडे पाठवतात, मी ते जिल्ह्याच्या वेबसाइटवर चढवते आणि तिकडून ते छापून, पाकिटात सील होऊन परत येतात. बाकीचे सगळे पेपर चढले होते, एक सोशलचाच राहिला होता. शिक्षक म्हणाल तर एकटे नागोराव सर, कारण आमच्या मंडलात मराठी माध्यमाची दहावी आता एकाच शाळेत उरली होती. त्या वर्गात एकच मुलगी, चंदा. नववीत तर कोणीच नव्हतं. चार वाजता वेबसाइट बंद होणार होती. तोवर धड फाइल चढली नाही तर चंदाला इंग्रजी माध्यमाचा पेपर द्यायचा, असं आमच्या साहेबांनी सकाळी चहा पितापिताच सांगून टाकलं होतं.

सरांचा सकाळपासूनचा हा तिसरा फोन. पहिल्या फोनला फाइल सेव्हच होत नव्हती. नाव काय दिलं म्हणून विचारलं, तर 'सोशल/मराठी/दहावी/२०२५'. फाइलच्या नावात तिरपी रेघ चालत नाही म्हटल्यावर सर चांगलेच तापले. तीस वर्षं सरकारी फाइलीवर असंच लिहीत आलो, सरकारला चालतं आणि या डबड्याला चालत नाही का, असा त्यांचा मुद्दा होता. मुद्दा बिनतोड होता, पण डबडं ऐकायला तयार नव्हतं. दुसऱ्या फोनला फाइल सेव्ह झाली होती, पण गेली कुठं ते सापडेना. ती शेवटी वनभोजनाच्या फोटोंमध्ये जाऊन बसलेली सापडली. मी हसले, तेही हसले. तिसऱ्या फोनला मात्र मला हसू आलं नाही, कारण घड्याळात साडेदहा झाले होते.

मी याच सरांची विद्यार्थिनी. आमच्या वेळी दहावीला एक्केचाळीस मुलं होती आणि बाकावर तिघं बसलो की चौथ्याची मांडी अर्धी बाहेर. सरांनी तेव्हा नुकतंच आदिलाबादला जाऊन मराठी टायपिंग शिकून घेतलं होतं. दर रविवारी सकाळच्या बसनं जायचे आणि दिवेलागणीला परत यायचे. तिथूनच एका फ्लॉपीवर त्यांनी मराठीचा एक फॉन्ट आणला. गोल, टपोरी अक्षरं होती त्याची. पेपर हातात आला की आम्ही आधी त्याचा वास घ्यायचो आणि मग आपलं गाव शोधायचो. कारण सर प्रश्नात हमखास गावाचं नाव घालायचे. 'आपल्या अमुक गावातून पैनगंगेकडे जाणारा ओढा कोणत्या दिशेस वाहतो?' आमचं गाव छापलेलं मी पहिल्यांदा पाहिलं ते सरांच्या पेपरात. असं वाटलं होतं, आपण आता पुस्तकात गेलो.

साडेअकराच्या बसनं सर स्वतः आले. फोनवर सांगून त्यांचा विश्वास बसेना. सोबत पेन ड्राइव्ह होता, प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी रुमालात आणि रुमाल खिशात. पेपर माझ्या कॉम्प्युटरवर उघडला आणि तीच टोप्यावाली मंडळी हजर झाली. सरांनी चष्मा काढून पुसला, परत लावला आणि हे मी लिहिलं का, असं हळूच विचारलं. मी त्यांना समजावलं की तुमचा फॉन्ट तुमच्याच कॉम्प्युटरमध्ये आहे. तिथं पीडीएफ उघडली की ती घरचीच अक्षरं घेऊन छान दिसते. फाइल दुसऱ्या कॉम्प्युटरवर गेली की तिला ती अक्षरं सापडत नाहीत, मग ती हाताला येईल ते लावून मोकळी होते.

"म्हंजे कागद इथं आला, आन अक्षरं घरीच राह्यली म्हन," सर म्हणाले.

इतकं सोपं मला कोणी ट्रेनिंगमध्येही सांगितलं नव्हतं. पण उपाय सोपा नव्हता. अक्षरं फाइलच्या आत कोंबायची तर ती जिथं आहेत त्या शाळेतल्या कॉम्प्युटरवरच कोंबावी लागणार. माझ्या नव्या फॉन्टमध्ये पुन्हा टाइप करावं, तर सरांची बोटं जुन्या कीबोर्डला सरावलेली, आणि माझं मराठी टायपिंग एका बोटाचं.

तेवढ्यात शाळेतून हेडमास्तरांचा फोन आला. ते तेलुगू, सरांशी हिंदीत बोलतात आणि माणूस मनानं चांगला. त्यांनी तोडगा काढला की सरांनी पेपर सरळ हातानं लिहावा, मोबाइलनं फोटो काढावेत आणि त्याचीच पीडीएफ करावी. सरांचं अक्षर म्हणजे नुसते मोती, सगळ्या मंडलाला ठाऊक. मलाही ते पटलं. मी म्हटलं, सर, एकाच पोरीसाठी तर आहे, अर्ध्या तासात होऊन जाईल.

वर्गात कोणी चुकीचं उत्तर दिलं आणि त्याला बरोबर उत्तर येतं हे सरांना माहीत असलं, की ते एका विशिष्ट नजरेनं बघायचे. तसं त्यांनी माझ्याकडं बघितलं.

"बाकीच्या पोरायले छापेल पेपर, आन तिले हातानं लिवेल? काऊन?"

मी साहेबांना जेवायला घरी जाते म्हणून सांगितलं, स्कूटी काढली आणि सरांना मागं बसवलं. पूर्ण रस्ताभर सरांनी पेन ड्राइव्हचा खिसा हातानं दाबून धरला होता.

शाळा आहे तशीच होती, फक्त लहान झाली होती. कॉम्प्युटर शिक्षकांच्या खोलीत, कोपऱ्यात. त्यावर जुन्या लुगड्याची खोळ होती, रुक्माबाईंनी शिवलेली. रुक्माबाई म्हणजे सरांच्या घरच्या. त्यांना जाऊन चार वर्षं झाली. खोळीला बांधायच्या नाड्या होत्या आणि सरांनी त्या घाईतसुद्धा एकेक करून सोडल्या. चंदा व्हरांड्यात बसून वाचत होती. पेपर तिच्या नजरेला पडू नये म्हणून सरांनी तिला पार विहिरीपलीकडच्या लिंबाखाली पाठवलं. आख्खा वर्ग उठून लिंबाखाली गेला, असं म्हणायला हरकत नाही.

आमची वाट बघताना हेडमास्तरांनी स्वतःच एक खटपट करून ठेवली होती. कॉम्प्युटरवरून पेपर छापून घेतला होता, म्हणजे त्याचेच फोटो काढता येतील. पण प्रिंटरची शाई संपत आलेली. अक्षरं राखेसारखी फिकट, उजव्या बाजूचा पट्टा तर जवळजवळ कोरा. सरांनी ते पान घेतलं आणि खिडकीपाशी नेऊन उजेडावर धरलं. मी घड्याळाकडं बघत होते. दीड वाजला होता.

"आमच्या वक्ती मास्तर कार्बन लावून पेपर लिवत," सर खिडकीकडं तोंड करूनच म्हणाले. "चार कार्बन, पाच कागद. पयली कॉपी पुढच्या रांगेले. आमच्या वस्तीतली पोरं सगळ्यात मांगं. आमाले पाचवी. कदीबी पाचवीच."

पाचव्या कॉपीवर अक्षर कसलं, नुसती सावली उतरायची, हे त्यांनी मग सांगितलं. सातवीत गणिताच्या पेपरात एक आकडा आठ आहे की तीन ते कळेना. उठून विचारलं, तर मास्तर म्हणाले, दिसते तसं सोडव. मी विचारलं, मग काय केलं?

"तीन समजून सोडवलं. आठ होतं."

ते हसत म्हणाले. मला हसता आलं नाही. सरांना सगळा तालुका हुशार म्हणतो, आणि त्या माणसाला पन्नास वर्षांपूर्वीचा एक आकडा अजून टोचत होता. त्यांनी ते फिकट पान घडी घालून खिशात ठेवलं आणि माझ्यासाठी खुर्ची पुढं ओढली.

मी बसले. पहिल्यांदा नुसतंच परत पीडीएफ केलं आणि माझ्या मोबाइलवर पाठवलं. मोबाइलमध्ये सरांचा फॉन्ट नाही, त्यामुळं खरं काय ते तोच सांगणार. त्यानं टोप्या दाखवल्या. मग फॉन्ट फाइलमध्येच बसवायचा प्रयत्न केला, तर कॉम्प्युटरनं कळवलं की हा फॉन्ट बसवायला परवानगी नाही. बनवणाऱ्यानंच तसं कुलूप घालून ठेवलं होतं. हेडमास्तर दोनदा येऊन डोकावून गेले. सर माझ्या मागं उभे होते. परीक्षेत मी अडले की ते असेच मागं येऊन उभे राहायचे. न सांगता. पण बरं वाटायचं.

अडीचला वीज गेली आणि पावणेतीनला आली. त्या पंधरा मिनिटांत मी मनातल्या मनात साहेबांसमोर उभी राहून आलेसुद्धा. वीज आल्यावर पीडीएफ सेव्ह करायच्या खिडकीत एक 'ऑप्शन्स' नावाचं बटण दिसलं. एवढ्या वर्षांत मी त्याला कधी हात लावला नव्हता. आत अगदी तळाशी एक ओळ होती, की फॉन्ट बसवता येत नसेल तर अक्षरांचं चित्र करून घ्यावं. तिच्यापुढची खूण कोणीतरी काढून टाकलेली. मी खूण केली, सेव्ह दाबलं. झालं नाही. त्याच नावाची जुनी फाइल मागं उघडीच होती. ती बंद केली, पुन्हा दाबलं आणि नवी फाइल माझ्या मोबाइलवर पाठवली.

मोबाइल वाजला. मी उघडून न बघताच तो सरांच्या हातात दिला.

त्यांनी पहिल्यापासून वाचायला सुरुवात केली. वर्ग, विषय, वेळ, गुण, सूचना, सगळं ओठांतल्या ओठांत. पाचही पानं वाचून झाल्यावर ते म्हणाले, की चौथ्या प्रश्नात गावाचं नाव आहे आणि ते नीट आलं आहे. मग खांद्यावरच्या उपरण्यानं त्यांनी मोबाइलची काच पुसून मला परत दिली. काच स्वच्छच होती.

तीन वाजून पस्तीस मिनिटांनी मी शाळेतूनच फाइल चढवली. शेवटी वेबसाइट विचारते, प्रती किती. माझ्या वर्षी सरांनी एक्केचाळीस लिहिल्या असतील. मी एकचा आकडा दाबला. सर तेव्हा दुसरीकडं बघत होते.

संध्याकाळी घरी आल्यावर मी बाबांना विचारलं. माझे बाबा, वामनराव, सरांच्याच वर्गात होते. शेतीवाडी असलेलं घर, बसायला पुढची रांग. कार्बनचे पेपर आठवतात का, म्हटलं. बाबांना आठवत होते. मास्तरचं अक्षर फार सुरेख होतं, छापल्यासारखं, असं ते कौतुकानं सांगू लागले. मी विचारलं, मागच्या मुलांना दिसायचं का? बाबांनी खरंच आठवून बघितलं.

"मले नाई माहीत, बापा. माह्यी कॉपी चांगली राहे," ते म्हणाले.

त्यात खोटं काहीच नव्हतं. मी ताट वाढायला आत गेले.

सोशलच्या पेपरच्या दिवशी पाकिटं घेऊन मीच शाळेत गेले. तेलुगूचं पाकीट जाड, इंग्रजीचं त्याहून जाड, आणि मराठीचं इतकं पातळ की ते रिकामंच आहे की काय म्हणून मी उजेडावर धरून पाहिलं. सीलमध्ये फरक नव्हता. तीच लाख, तोच शिक्का. पर्यवेक्षकांनी सगळ्यांसमोर कात्रीनं ते उघडलं आणि एकुलता एक पेपर चंदाच्या बाकावर ठेवला. तिनं तो उचलला आणि आधी नाकाशी नेला. हे तिला कोणी शिकवलं असेल ते देव जाणे.

सर त्या हॉलमध्ये नव्हते. स्वतःच्या विषयाला उभं राहायची परवानगी नसते. ते तीन तास समोरच्या व्हरांड्यात जुनी हजेरीपुस्तकं वर्षवार लावत बसले होते. एप्रिलअखेर ते रिटायर होणार, आणि जूनमध्ये मराठीची दहावी उघडणार नाही, हे दोन्ही सगळ्यांना ठाऊक होतं.

घंटा झाल्यावर चंदा सरळ त्यांच्याकडं आली. सर दर वर्षीचा एक पेपर फाइलला लावून ठेवतात, हे तिला माहीत होतं. तिनं दोन्ही हातांनी पेपर पुढं केला. फाइलीत लावायला दुसरा नाही ना, म्हणून हाच ठेवा, असं तिचं म्हणणं होतं.

सरांनी तो घेतला. पहिलं पान पाहिलं, चौथा प्रश्न पाहिला आणि पेपर तिच्या हातात परत दिला.

"तुह्यापाशीच राहू दे, माय. पयली कॉपी हाये ते."

चंदानं घडी न घालता पेपर नकाशाच्या पुस्तकात ठेवला आणि ते पुस्तक छातीशी धरून ती फाटकाकडं गेली. सर शिक्षकांच्या खोलीत आले, कॉम्प्युटर बंद केला, रुक्माबाईंची खोळ घातली आणि एकेक करून चारही नाड्या बांधल्या.