अकरा वेळा दाबलेलं बटण

हुंग तिएन-लाई यांचं पत्र दोन वर्षं माझ्या शब्दकोशात पडून होतं. मी उत्तर दिलं नव्हतं. शब्दकोश रोज उघडतो, म्हणजे पत्र रोज दिसेल आणि रोज लाज वाटेल. स्वतःला एवढीच शिक्षा मला देता आली.

हुंग पूतायच्या किनाऱ्यावर तळ्यांत सबाही मासे पाळायचे. शिंचूतल्या आमच्या कंपनीची एक डबी त्यांच्या तळ्याकाठी बसवली होती. पाण्यात हवा मिसळणारी चाकं तिच्यामार्फत फोनवरून चालू करता येत, आणि बाहेरच्या कुणी नेटवर्कमधून शिरून ती ताब्यात घेऊ नयेत म्हणून राखणही तीच करी. राखणीचे नियम माझे. डबी जेवणाच्या डब्याहून लहान, तिची मेमरी बेताची. कोणत्या फोनवरून किंवा संगणकावरून कुणी आलं, त्यांचे एका वेळी दोनशे छप्पन्न पत्ते तिच्या लक्षात राहत. यादी भरली की सगळ्यांना आत सोडायचं, की प्रत्येक नवख्याला बाहेर ठेवायचं? मी दुसरं निवडलं. मिनिटात पाचहून जास्त वेळा दार वाजवणारा शत्रू समजायचा, हेही मीच लिहिलं. तेव्हा मला त्याचा थोडा अभिमान वाटला होता.

एका दुपारी हुंग यांच्या तळ्यातले मासे मेले, तेव्हा डबी काढून आणायला मलाच पाठवलं. हुंग यांनी मला चहा दिला आणि माझं नाव-पत्त्याचं कार्ड मागून घेतलं. पत्र महिन्याभराने आलं.

"येन सर, त्या दुपारी बायकोला डायलिसिसला घेऊन गेलो होतो. वारा पडला, आभाळ भरून आलं, अशा वेळी पाण्यातली हवा कमी पडते, म्हणून दवाखान्यातूनच फोनवर चाकांचं बटण दाबलं. अकरा वेळा दाबलं. घरी पोचलो तर मासे उलटे तरंगत होते. कंपनीचा कागद म्हणतो, हुकूम आलाच नाही. मुलगा म्हणतो, बाबा, तुम्ही दवाखान्याच्या बाकावर झोपलात. तळ्याची किल्ली त्याने काढून घेतली. मासे गेले ते गेले. मी झोपलो नव्हतो, एवढं त्याला कुणीतरी सांगावं. हल्ली मलाच वाटायला लागलंय, झोपलो होतो की काय."

ते झोपले नव्हते. पत्र येण्याआधीच मला ते माहीत होतं. त्या दुपारी कुठून कुठून हजारो अनोळखी पत्ते डबीचं दार वाजवून गेले होते. तिची यादी भरली. दवाखान्याच्या वायफायवरून आलेला हुंग यांचा फोन तिला नवखा वाटला. त्यांनी घाबरून पुन्हा पुन्हा बटण दाबलं, तशी ती त्यांना शत्रू समजली. रोजच्या नोंदींना जागा इतकी थोडी, की पुढच्या नोंदी मागच्या पुसत गेल्या. पण शत्रूंची यादी पुसली जात नाही. तिच्यात दवाखान्याचा पत्ता होता, त्यापुढे आकडा होता: अकरा.

मी आमचे वरिष्ठ लिआव साहेब यांच्याकडे गेलो. ते जेवत होते.

"येन, निवृत्तीला तुझे किती दिवस राहिले?"

"दोन महिने."

"मग? बत्तीस वर्षं तोंड उघडलं नाहीस, आता कसला कंठ फुटलाय?" त्यांनी हातातल्या जेवणाच्या काड्या बाजूच्या यंत्रावरच्या हिरव्या पुडीकडे रोखल्या. यंत्राने गुणी राहावं, बिघडू नये म्हणून मक्याच्या खाऊची अशी पुडी आम्ही सगळेच ठेवतो. "म्हाताऱ्याच्या डबीवरची पुडी पाहिलीस ना? तारीख उलटून महिना झाला होता. रुसणार नाही तर काय?"

मी हसलो. हे लिहायला नको वाटतं, पण हसलो. त्या यादीची एक प्रत काढून घरी आणली आणि गप्प बसलो.

गेल्या मंगळवारी मी राहतो त्या इमारतीत शिरताना बाहेरचं काचेचं दार मागे मिटलं, आतलं उघडेना आणि बाहेरचंही परत उघडेना. दोन काचांमध्ये मी. आतून शेजारच्या फान काकू आल्या.

"येन सर, पहारा देताय का?"

"दार माझं कार्ड घेत नाही."

"परत लावा की."

"नको. फार वेळा लावलं तर ते मला चोर समजेल."

"तुम्हाला? अहो, चोरी करायला तोंडावर जरा तरी हिंमत दिसावी लागते." त्यांनी आतलं बटण दाबून पाहिलं. काही झालं नाही. "पहारेकरी नूडल्स खायला गेलाय. एकेक नूडल चावून खातो मेला."

थांबायचं, हे मला माहीत होतं. दहा मिनिटं थांबलोही. ऊन काचेतून येत होतं, हवा हलत नव्हती, शर्ट पाठीला चिकटला. मग माझा हात आपोआप उठला. लावलं, पुन्हा लावलं, मोजायचंही भान राहिलं नाही. लाल दिवा लागला तो विझेना. तोंड उघडून श्वास घेताना मला ते उलटे मासे दिसले.

पहारेकऱ्याने किल्लीने दार उघडलं आणि आपल्या संगणकाचा पडदा पाहिला. "सर, तुम्ही कार्ड लावलंच नाही. इथे नोंद नाही."

खरंच लावलं होतं का, असंच मनात आलं.

"चौदा वेळा लावलं," फान काकू म्हणाल्या. "मी इथे उभी राहून मोजलंय. तुझ्या यंत्राला डोळे नसतील, मला आहेत."

घरी येऊन शब्दकोश उघडला. चार मसुदे फाडले. सगळ्यांत मी माझंच रडगाणं लावलं होतं. पाचव्यात लिहिलं: हुंग साहेब, तुम्ही जागे होता. अकरा वेळा बटण दाबलंत. नियम माझा होता, तो चुकला. पुडीचा काही दोष नाही. मी दोन वर्षं गप्प राहिलो, तीही चूक माझीच. मुलाला हा कागद दाखवा. त्याला विचारायचं असेल तर खाली माझा फोन नंबर आहे.

यादीची प्रत सोबत घातली. हुंग अजून आहेत की नाहीत, कोण जाणे. मुलगा मानेल का, कंपनी माझ्यामागे लागेल का, तेही ठाऊक नाही. दोघांतल्या कुणाच्या तरी हाती पडावं म्हणून पाकिटावर बापलेकांची दोघांची नावं घातली.

चौकात दोन टपालपेट्या आहेत. साध्या पत्रांची हिरवी, तातडीच्या पत्रांची लाल. दोन वर्षं उशीर झालेलं पत्र तातडीने पाठवायला मला संकोच वाटला. तरी ते लाल पेटीतच टाकलं.