भोकाची चानकी

मिठाची बरणी उघडून मी परातीपुढे उभी होते. ज्वारीच्या एवढ्या पिठाला चिमटी-दोन चिमटी मीठ पुरतं. मी मूठ भरून घेतली होती.

"सिष्टर, ती मूठ बरणीत सोडा," चुलीपुढून रतनबाई म्हणाली. तिनं मान वर केली नव्हती.

"रतनबाई, त्या माणसाच्या घशाखाली एक घास उतरू नये असं वाटतंय मला."

"मला वाटत न्हाई व्हय? पर त्यात ज्वारीनं काय केलंय?"

मी मूठ सोडली. पण राग काही बरणीत गेला नाही. तो माणूस म्हणजे तिचा सख्खा धाकटा भाऊ, गहिनीनाथ. त्याच्या नातवाचं त्या दिवशी बारसं होतं आणि बारशाच्या तीनशे भाकरी आमच्या चुलीवर व्हायच्या होत्या. हे त्याला ठाऊक नव्हतं. ऑर्डर आणली होती बिभीषण आचाऱ्यानं, आणि भाकरी कोण थापतं याची चौकशी कुणी जेवणारा करत नाही.

आमचं घर जामखेडच्या बाहेर, खर्ड्याच्या रस्त्याला आहे. एक संस्था ते चालवते. मनोरुग्णालयातून बऱ्या होऊन बाहेर पडलेल्या, पण न्यायला कुणीच न आलेल्या चौघीजणी तिथे राहतात. मी ग्रेस, मिशनच्या दवाखान्यात तीस वर्षं सिस्टर होते, आता या चौघींसोबत असते. गोळ्या वेळेवर द्यायच्या आणि दिवसाला काहीतरी काम द्यायचं, एवढं माझं काम. ऑफिसच्या कागदावर त्याला 'उपक्रम' म्हणतात. सुरुवातीला उपक्रम म्हणजे मण्यांच्या माळा होत्या.

रतनबाईनं पहिल्या दिवशी एक माळ ओवली आणि विचारलं, "ही कोन घालनार?"

"कुणी नाही. हाताला सवय राहावी म्हणून."

तिनं सुई खाली ठेवली आणि भिंतीकडे तोंड करून बसली, ती चार महिने. मी रोज वहीत लिहायचे, 'सहकार्य नाही'. आता ते पान फाडावंसं वाटतं. पुढे एकदा आमची स्वयंपाकाची बाई आली नाही, म्हणून मी स्वतः भाकरी थापायला बसले. तिसरी भाकरी तव्यावर फाटली तशी मागून आवाज आला, "पीठ मळलंय का मारलंय? उठा तिथनं." मी उठले. ती बसली. त्या दिवसापासून ती जागा तिची झाली. सुरेखा पीठ मळायला लागली, मरियाबाई चाळायला, क्रिस्टीना भाकरी मोजून फडक्यात रचायला. क्रिस्टीना एवढ्या मोठ्यानं मोजते की रस्त्यावरच्या माणसालाही आकडा कळतो. ऑफिसातले साहेब विस्तवाला घाबरत होते. मी भांडले. शेवटी त्यांनी परवानगी दिली, पण अट घातली की एक जरी तक्रार आली तरी चूल बंद. चूल बंद म्हणजे पुन्हा मणी, पुन्हा भिंत. म्हणूनच माझ्या मुठीतलं मीठ त्या चौघींना परवडणारं नव्हतं, हे रतनबाईला माझ्याआधी कळलं.

गहिनीनाथावर माझा दात होता त्याला कारण होतं. आई गेल्यावर याच बहिणीनं त्याला कडेवर वाढवलं होतं. पुढे नवऱ्यानं टाकली म्हणून ती माहेरीच राहिली, आणि चाळिशीनंतर तिला आवाज ऐकू यायला लागले, भर उन्हात गावच्या किल्ल्याकडे निघून जायला लागली. "आक्का, डोळे तपासाया जाऊ" म्हणून त्यानं तिला जीपमध्ये बसवलं आणि मनोरुग्णालयात सोडलं. तेवढ्यानं मी त्याला दोष दिला नसता. पण ती बरी झाल्यावर संस्थेनं धाडलेल्या तिन्ही पत्रांना उत्तर नाही. शेवटी मीच त्याच्या गावी गेले. ओसरीवर रतनबाईचा फोटो होता. फोटोला चंदनाचा हार होता.

गहिनीनाथानं मला घाईनं फाटकाबाहेर नेलं. "बाई, आमच्यात ती वारली हाय. धावा-तेरावा सगळं केलंय. माझ्या पोरीचं, रेश्माचं लगीन ठरलंय, सोयऱ्यांना कळलं तर मोडंल. पुन्हा येऊ नगा."

परत येऊन मी रतनबाईला सगळं खरं सांगितलं. तिनं एवढंच विचारलं, "कंचा फोटो?"

"कानात कुड्या आहेत."

"जत्रंतला. चांगला हाय तो."

रविवारी चर्चमध्ये क्षमेची प्रार्थना मीही सगळ्यांबरोबर म्हणते. गहिनीनाथाचा चेहरा डोळ्यापुढे आला की ओठ नुसते हलतात.

तर त्या सकाळी क्रिस्टीनानं "तीनशे!" म्हणून आरोळी ठोकली, तरी रतनबाई उठली नाही. तिनं आणखी पीठ मागितलं आणि तळहाताएवढ्या छोट्या भाकरी थापायला लागली. उरल्या पिठाची अशी छोटी भाकरी, चानकी, लेकरांसाठी घरोघर करतात. पण हिनं प्रत्येक चानकीच्या मधोमध बोट खुपसून भोक पाडलं.

"हे कशाला? फुगायची नाही ती."

"न फुगू दे. गहिन्या शेरडं घिऊन जायचा. हातात काठी, मग भाकर कुठं धरंल? म्हनून भोक. बोटात घालायची आन् चालता चालता खायची. आमच्या घराबिगर अशी चानकी सबंध गावात कुनी केली न्हाई." तिनं चाळीस चानक्या वेगळ्या फडक्यात बांधल्या. "ह्या पोरांस्नी वाटा."

मला समजलं. माझ्या मुठीतल्या मिठापेक्षा ते फार खारट होतं.

"कुणी विचारलं तर तुमचं नाव सांगू?"

"इचारलं तर सांगा. न इचारता तोंड उघडायचं न्हाई. आन घालते तुमाला."

"आणि रेश्मा? तिच्या सासरची माणसं असतील तिथं."

तिचे हात पहिल्यांदा थांबले. "माझ्या मांडीवर वाढली ती पोर. तिला तरी कळू दे, आत्या हाय." मग तिनं तवा उतरवला. तुम्हीही चला, असं मी म्हटलं नाही आणि तिनंही विचारलं नाही.

बिभीषणच्या टेम्पोतून भाकरी घेऊन मी पोचले, तेव्हा मांडवात गहिनीनाथ फेटा बांधून पाहुण्यांची ऊठबस करत होता. मला बघून त्याचा चेहरा पडला. मी नमस्कार केला आणि भाकरीची टोपली दाखवली, तसा बिचाऱ्याला धीर आला. मी चानक्या पोरांना वाटल्या. भोक म्हटल्यावर पोरांना सांगायला लागत नाही. दोन मिनिटांत चाळीस पोरं बोटात भाकरी घालून मांडवभर पळायला लागली.

गहिनीनाथाच्या हातात पाण्याचा जग होता. तो एका पोराच्या बोटाकडे बघत राहिला आणि पाणी पाहुण्याच्या ताटात सांडलं. मी खांबापाशी उभी होते. इतकी वर्षं रोग्यांचं दुःख बघून हळहळले, पण कुणाचा चेहरा उतरताना बघून गोड वाटलं ते त्या दिवशीच. शपथ घातली नसती तर मी मांडवाच्या मधोमध उभी राहून ओरडले असते.

ओरडावं लागलं नाही. त्याची म्हातारी चुलती पुष्पावती पंगतीच्या कडेला आमटीत भाकरी कुस्करत होती. तिनं पणतवंडाचं मनगट धरलं आणि चानकी डोळ्याजवळ नेली.

"गहिन्या, ही रतनीची चानकी हाय."

"काकू, जेव की तू."

"आरं, रतनी मेली म्हनून मी तेराव्याला जेवले तुझ्या दारात! मेलेली बाई भाकरी थापती व्हय?"

पंगत थांबली. रेश्माच्या सासूनं विचारलं, "रतन कोण?" आणि म्हातारी माझ्याकडे वळली. "बाई, तुमी आनल्या न्हवं? कुनी केल्यात?"

विचारलं होतं. मी सावकाश बोलले. "रतनबाईंनी. गहिनीनाथांच्या थोरल्या बहिणीनं. जामखेडला आमच्याकडे राहतात. डोक्याचा आजार होता, आता बऱ्या आहेत. या तीनशे भाकरी एकटीनं थापल्यात."

बाळाला मांडीवर घेऊन बसलेली रेश्मा रडायला लागली. तिची सासू तिच्यावर चिडली नाही, गहिनीनाथाकडे बघत राहिली. मी रिकामी टोपली उचलली आणि बिभीषणच्या टेम्पोत येऊन बसले. भाकरीबद्दल तक्रार एकही आली नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी गहिनीनाथ आमच्या दारात आला. फेटा नव्हता, डोळे सुजलेले होते. रतनबाई थापत होती. त्या दिवशी शंभराची ऑर्डर होती.

"आक्का."

तिनं भाकरी उलटली.

"आक्का, घरी चल. गाव तोंडावर थुकतंय. रेश्मा बोलत न्हाई माझ्यासंगं."

"मी हाय की घरी. वसरीवर."

"फोटो काढला मी."

"मग परत लाव. चांगला फोटो हाय." पुढची भाकरी थापायला घेत ती म्हणाली, "रेश्माला धाड हिकडं. लेकराला घिऊन. तू आनायला येऊ नगं."

तो उंबऱ्याच्या बाहेर पायरीवर बसला. कुणी त्याला जा म्हटलं नाही, आत ये असंही म्हटलं नाही. तासभर तो तसाच होता. शेवटी क्रिस्टीनानं "शंभर!" म्हणून पुकारलं आणि फडकं बांधलं. परातीत थोडं पीठ उरलं होतं. रतनबाईनं त्याची चानकी थापली, मधोमध भोक पाडलं, दोन्ही बाजूंनी नीट भाजली. पायरीवरून गहिनीनाथ बघत होता. त्याचा उजवा हात गुडघ्यावरून थोडा वर आला होता, त्याला स्वतःलाही ते कळलं नसावं.

रतनबाईनं चानकी स्वतःच्या बोटात घातली. त्याच्या शेजारून पायरी उतरली, आणि अंगणातल्या उन्हात फेऱ्या मारत एकेक तुकडा मोडून खाऊ लागली.