न वाजलेला पापड

नदीच्या अंगावर घरं बांधायची परवानगी तुम्हीच दिलीत, साहेब. शिक्का तुमचा, सही तुमची. पूर ओसरल्यावर भिंतींना रंग फासून तीच घरं पुन्हा विकायला निघाली, तेव्हाही तुम्ही डोळ्यांवर कातडं ओढून बसलात. आता त्यातल्या एका घरात काय झालं ते ऐका.

वामन आणि नीरा रावपुऱ्यात तिसऱ्या मजल्यावर राहतात. लिफ्ट नाही. वामन रिफायनरीतून निवृत्त झाला आणि त्याच सुमारास नीराचे गुडघे गेले. दवाखाना सोडला तर ती खाली उतरत नाही. भाजी दोरीच्या टोपलीतून वर येते आणि भाजीवाल्याशी घासाघीस खिडकीतून ओरडून होते. म्हणून वामनने तळमजल्याच्या घरासाठी अख्खं बडोदं पालथं घातलं. शेवटी नदीपलीकडे एक सापडलं. पुढे ऐसपैस ओटा, ओट्यावर बदामाची सावली.

घेण्याआधी घर तपासायला त्यांनी केयूर नावाचा इंजिनिअर बोलावला. नीराने आपली तपासणी पर्समधून आणली होती : भाजलेला उडदाचा पापड. आत शिरताच तिने तो भिंतीतल्या कपाटात ठेवून दार लावलं. तिच्या माहेरची रीत. घरात ओल असली की पापड बघता बघता मान टाकतो.

"काकू, माझ्याकडे मशीन आहे," केयूर हसला.

"असू दे की. तुझ्या मशीनचा सेल संपला तर?"

केयूर भिंतींना यंत्र टेकवत फिरू लागला. ओल दाखवत यंत्र टीं टीं करत राहिलं.

"ए तो चोमासानो भेज छे, काका. सुकाई जशे," घर दाखवायला आलेला दलाल म्हणाला.

"अरे भाई, दिवाळी होऊन गेली. अजून कसला पावसाळा?"

पण वामनचं अर्धं लक्ष बाहेर होतं. नीरा ओट्यावर बसली होती. रस्त्याने जाणाऱ्या एका बाईने ओळखदेख नसताना विचारलं, "केम छो, मासी?" आणि नीराचा चेहरा असा उजळला, की वामनला वाटलं, मरू दे ते यंत्र. घेऊन टाकू.

थोड्या वेळाने तो आतल्या खोलीत गेला, तर नीरा कपाटापुढे पाठमोरी उभी. कपाट उघडं, रिकामं. तिचं तोंड भरलेलं.

"काय म्हणतोय पापड?"

"छान आहे. कुरकुरीत."

वामन थबकला. घरी ती स्वयंपाकघरात पापड खायची तेव्हा बाहेरच्या खोलीत त्याला बातम्या ऐकू यायच्या नाहीत.

"मग वाजला कसा नाही गं?"

नीरा चावायची थांबली. डोळे भरून आले. "अहो, मला खाली राहायचंय. जाता-येता कुणी केम छो म्हणावं, एवढंच. त्या भाजीवाल्याशी समोरासमोर भांडायचंय एकदा."

वामनने तिच्या ओठाला चिकटलेला पापडाचा तुकडा पुसला.

तेवढ्यात केयूरने भिंतीचा रंग खरवडला. खाली पुराच्या पाण्याची गढूळ, तपकिरी रेघ निघाली. दलाल मोबाइलमध्ये तोंड घालून बसला. नीराने रेघेवर हात ठेवला, मग तोच हात आपल्या गळ्याशी नेला. बरोबर तिथे.

"आणि मी या गुडघ्यांनी कुठे पळणार होते?"

घर नको असं सांगून ते परतले. रावपुऱ्यातल्या जिन्यात पहिल्या वळणावर नीरा दमून पायरीवर बसली. वामन शेजारी टेकला.

"पुढच्या घराला दोन पापड नेऊ."

"दोन कशाला?"

"एक तुला खायला. वाजणारा."

ती हसली, पण उठली नाही.

साहेब, पाणी कुठवर चढणार हे सही करताना तुम्हाला ठाऊक नव्हतं, की ठाऊक होतं? गुडघे गेलेल्या बाईने या शहरात जमिनीवर राहायचं तरी कुठे? ती अजून जिन्यात बसली आहे. उत्तर द्या.