घुमवली

प्रवीण सरांनी फळ्यावर ‘घूर्णन गती’ लिहिलं आणि तिथंच माझे ग्रह फिरले. पोलादपुरातला आमचा अकरावी सायन्सचा वर्ग. “हिला घुमवून दाखवतो,” म्हणत सरांनी मला फिरत्या स्टुलावर बसवलं, दोन्ही हातांत एकेक वीट दिली. हात पसरले होते तोवर हळू फिरले. विटा छातीशी घेतल्या तशी गरगर फिरले. वेणी सुटली. पोरी हसल्या. मजा आली, खोटं कशाला बोलू?

संध्याकाळी डोंगर चढून वाडीवर आले. सरांचा तो शब्द जिभेवर होताच. आईला सांगून बसले, “आज सरांनी मला घुमवली.”

आईच्या हातातली भाकरी चुलीत पडली. आमच्याकडं चाक फिरतं, भोवरा फिरतो. घुमतं ते अंगात आलेलं माणूस.

“केस सुटले होते काय गो, अपेक्षे?”

“सुटले की.” माझं मेलीचं तोंड.

बाबांची बहीण, जनीआत्या, माझ्याएवढी असताना घुमायला लागली होती. भगताचे फेरे सुरू झाले आणि तिची शाळा सुटली ती सुटलीच. आता ती गोठ्यामागच्या खोलीत राहते, कुणाशी बोलत नाही. बाबा एवढंच म्हणाले, “सकाळी भगताला फोन करतो.” समजवायला जावं तर अंगातलं वारं बोलतंय म्हणतील. गप्प बसले, तर आई आणखीच घाबरली.

सकाळी मी बाबांचे पाय धरले. “आधी स्टूल बघा, मग कुणालाही आणा.”

बाबा वर्गात आले. सरांना यातलं काही ठाऊक नाही. पालक आले म्हणून ते आपले खूश. “बसा की,” म्हणाले. बाबा विटा घेऊन बसले. सरांनी हलकेच ढकललं आणि हात आत घ्यायला सांगितलं. बाबा गरकन फिरले. टोपी उडाली, चेहरा पांढराफटक. त्यांनी घाईघाईनं पाय टेकले. स्टूल थांबलं.

“भगत नाय येणार,” बाबा खाली बघत म्हणाले. “तू शीक.”

मला रडूच आलं. बाबा मात्र उठेनात.

“पाय टेकला की थांबतंय,” ते हळूच म्हणाले. “जनी पण टेकवायची गो, दमली की. भगतासंगं मीच ढोल वाजवत होतो. थांबू दिली नाय तिला.”